घरचे फ्राइज : मोंढ्यातून नेमका कोणता आलू आणायचा?

गोदाकाठ, नांदेड

नमस्कार मंडळी.

घरच्या फ्राइजच्या पाककृती इथं भरपूर आहेत. गार पाण्यात ठेवा, कोरडे पुसा, दोनदा तळा, वरून मीठ टाका. यातलं काहीच चूक नाही. पण आलू कोणता घ्यायचा यावर कुणी दोन ओळींच्या पुढं जात नाही. तीच सुरी, तीच कढई, तेच तेल. तरी मार्चमध्ये फ्राइज सोनेरी होतात आणि ऑगस्टमध्ये आतून कच्चे असतानाच बाहेरून तपकिरी पडतात. घरोघरी बाया स्वतःच्या हाताला दोष देतात. माझं ठाम मत आहे की दोष मालात असतो. म्हणून हा धागा फक्त आलूवर.

मी बाजारात मिळतील तेवढे प्रकार थोडे थोडे आणले, सगळ्यांचे एक सेंटिमीटर जाडीचे तुकडे केले आणि एकाच तेलात, एकाच पद्धतीनं तळले. जे दिसलं ते लिहिते.

पुखराज. पिवळट गर, पातळ गुळगुळीत साल, दिसायला सगळ्यात देखणा. तळताना फेस खूप, म्हणजे पाणी खूप. कढईतून काढला तेव्हा बरा वाटला, ताटात पाच मिनिटांत मान टाकली. रस्साभाजीला मात्र हाच घ्यावा, फोडी मोडत नाहीत.

ज्योती. पांढरा गर, उथळ डोळे. मधला मार्ग. ताजा असेल तर घरच्यापुरते फ्राइज नक्की चांगले होतात.

इंदूरचा चिपसोना. हातात घेतल्यावर घट्ट आणि वजनदार लागतो. कापल्यावर सुरीला पांढरा पिठूळ थर चढतो. तळल्यावर बाहेरून कुरकुरीत आणि आत उकडलेल्यासारखा मऊ, भुसभुशीत. माझ्या लेखी पहिला नंबर. अडचण एकच: आलू गोलसर असल्यामुळं लांब तुकडे कमी निघतात. मुलांना लांबच हवे असतात, पण चव घेतल्यावर तक्रार राहत नाही.

लाल सालीचे. यात दोन वेगळे प्रकार येतात. गडद लाल, गोल, तो लेडी रोझेटा. वेफर्सवाले तोही घेतात. फ्राइजही छान झाले, थोडे जास्त कडक. दुसरा फिकट लाल, खोल डोळ्यांचा, तो सिंदुरी. त्याची चव मला भाजीतच आवडते.

तळेगाव. ताजा असताना वास आणि चव फार चांगली, कुरकुरीतपणा चिपसोनापेक्षा कमी.

माझी पद्धत थोडक्यात: तुकडे पाण्यात अर्धा तास, मग स्वच्छ पंच्यावर पसरून पूर्ण कोरडे. पहिलं तळण मध्यम आचेवर, साधारण १५० ते १६० अंशांवर, रंग न येऊ देता पाच-सहा मिनिटं. काढून किमान पंधरा मिनिटं पसरून ठेवायचे. दुसरं तळण १८० अंशांच्या थोडं वर, दोन-तीन मिनिटं. थर्मामीटर नसेल तर लाकडी उलथन्याचं टोक तेलात बुडवा. सुस्त बुडबुडे म्हणजे पहिल्या तळणाचं तेल, भराभर बुडबुडे म्हणजे दुसऱ्याचं. एका वेळी मूठभरच सोडा, नाहीतर तेल एकदम थंड पडतं आणि तुकडे तेल पितात.

तुमच्या गावात कोणता माल येतो, कसे होतात, लिहा.

आडत_गल्ली, परभणी

ताई, धागा मनापासून आवडला. आमच्या घरात कांदा-आलूची आडत आजोबांपासून आहे, त्यामुळं मी बाजाराच्या बाजूनं लिहितो.

किरकोळ विक्रेत्याला कुफरी अमुक, कुफरी तमुक विचारून उपयोग नाही. त्याच्याकडं पोत्यावर जातीचं नाव येत नाही, गावाचं येतं. तीन प्रश्न विचारा. इंदूरचा का आग्र्याचा? कोल्डचा, म्हणजे शीतगृहातला, का ताजा? चिप्सचा आलू आहे का? या तीन उत्तरांत तुमचं निम्मं काम होतं.

आता वर्षाचं चक्र. डिसेंबर-जानेवारीत पंजाबचा नवा माल उतरतो. अंगठ्यानं घासलं तरी साल सुटते. लोक नवा आला म्हणून हौसेनं नेतात, भाजीला गोडही लागतो, पण तळायला नेऊ नका. तो पुरता पिकलेला नसतो, पाणी जास्त असतं. फेब्रुवारीच्या मध्यापासून मार्च संपेपर्यंत इंदूरकडचा पक्का, साल घट्ट धरलेला माल येतो. फ्राइज करायचे ते या दिवसांत. मार्चअखेर उत्तरेकडची शीतगृहं भरतात आणि मेपासून पुढं दिवाळीपर्यंत जे येतं ते बहुतेक त्यातलंच. मधे सप्टेंबर-ऑक्टोबरात पुण्याकडचा, खेड-आंबेगाव पट्ट्यातला खरिपाचा माल येतो. आपण ज्याला तळेगाव म्हणून घेतो तो हाच. पावसाळ्यात ताजा आलू हवा असेल तर त्याची वाट बघा.

कोल्डचा ओळखायचा कसा? शीतगृहातून नुकताच निघालेला असेल तर अंगाला घाम असतो. चार-आठ दिवसांनी डोळे फुगतात, कोंबाची टोकं दिसतात, साल निस्तेज होते. हातात घेऊन दाबा, ताज्याचा घट्टपणा त्याला नसतो.

आणखी एक. काही दुकानांत 'शुगर फ्री आलू' अशी पाटी दिसते. मधुमेह असलेली माणसं ती वाचून फसतात. त्यातला स्टार्च जिथल्या तिथं असतो. तो फक्त जास्त थंडीत न ठेवता दहा-बारा अंशांवर ठेवलेला, म्हणून तळताना काळा न पडणारा आलू असतो. तेवढ्या तापमानाला कोंब फुटतात म्हणून त्याला कोंब रोखणारं औषध देतात. तो घेतला तर साल काढूनच वापरा. फ्राइजला मात्र ऑगस्ट-सप्टेंबरात त्याच्याइतका भरवशाचा दुसरा माल नाही.

मधुरा_लातूर

गोदाकाठ ताई, एक विचारू का? सगळीकडं लिहिलेलं असतं की तुकडे पाणी नितळ होईपर्यंत तीन-चार वेळा धुवा. आम्ही २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेनं आलेलं पाणी प्यायलोय. अजूनही एका पदार्थासाठी चार पातेली पाणी ओतून द्यायला हात धजावत नाही. एवढं धुणं खरंच लागतं का?

दुसरं, आमच्याकडं बोअरचं पाणी इतकं जड आहे की डाळ शिजत नाही. त्या पाण्यात आलू भिजवला तर काही फरक पडतो का?

गोदाकाठ, नांदेड

मधुरा, चार वेळा धुण्याची अजिबात गरज नाही. वरवरचा सुटा स्टार्च तेवढा काढायचा असतो, नाहीतर तुकडे एकमेकांना चिकटतात आणि तळाशी गाळ बसून तेल लवकर खराब होतं. उभट पातेल्यात तुकडे बुडतील एवढंच पाणी घे, हातानं दोन-तीनदा ढवळ, अर्ध्या तासानं तुकडे झाऱ्यानं वर उचल. पाणी ओतू नकोस, स्टार्च तळाशी बसतो आणि वरचं पाणी कुंड्यांना जातं. चिपसोना असेल तर हे एक भिजवणं पुरतं.

जड पाण्याचं रसायनवाल्यांनी सांगावं.

स्फटिक, छत्रपती संभाजीनगर

मी रसायनशास्त्र शिकवतो. जड पाणी आणि तळताना आलू काळा पडणं, या दोन्हींवर लिहितो, जरा लांबेल.

आधी जड पाणी. त्यातलं कॅल्शियम आलूच्या पेशींना जोडून ठेवणाऱ्या पेक्टिनला घट्ट करतं. डाळ न शिजण्याचं कारण तेच. कोहळ्याचे तुकडे पेठ्यासाठी चुन्याच्या निवळीत ठेवतात तेही याचसाठी. गार पाण्यात अर्धा तास भिजवल्यानं फारसा फरक पडणार नाही. पण तुकडे तळण्याआधी त्या पाण्यात उकळणार असाल तर ते जरा जास्त टणक राहतील. फ्राइजच्या बाबतीत हे काही अंशी फायद्याचंच आहे, तुकडा मोडत नाही. फक्त वेळ थोडा वाढवा.

आता काळं पडणं. बाजारात आलेला आलू जिवंत असतो, त्याचा श्वास चालू असतो. शीतगृहात खाण्याचा आलू साधारण २ ते ४ अंशांवर ठेवतात. एवढ्या थंडीत त्यातल्या स्टार्चचं रूपांतर साखरेत होऊ लागतं आणि ग्लुकोज, फ्रुक्टोज साठत जातं. असा आलू उकडून खाल्ला तरी किंचित गोड लागतो. तेलात टाकला की ही साखर आणि आलूतली अमिनो आम्लं यांची प्रक्रिया होऊन तपकिरी रंग येतो. भाकरीच्या पापुद्र्यावर जे डाग पडतात तीच ही मेलार्ड प्रक्रिया. साखर जास्त असेल तर रंग आत शिजण्याच्या आधीच येतो. ताईंचा ऑगस्टचा अनुभव तो हाच.

यात रंगापलीकडचा मुद्दाही आहे. साखर आणि अ‍ॅस्परॅजिन नावाचं अमिनो आम्ल १२० अंशांच्या वर एकत्र तापलं की अ‍ॅक्रिलामाइड तयार होतं. तळलेल्या आणि भाजलेल्या पदार्थांत ते असतं हे २००२ मध्ये स्वीडनच्या शास्त्रज्ञांनी जाहीर केलं. प्राण्यांवरच्या प्रयोगांत ते कर्करोगाशी जोडलेलं आढळलं, म्हणून जगभर ते कमी ठेवण्याचा सल्ला देतात. घरी आपण एवढंच करायचं: फ्राइज सोनेरी असतानाच काढायचे, गडद होऊ द्यायचे नाहीत. आणि जो आलू स्वतःहून गडद होतो तो तळायलाच घ्यायचा नाही.

कोल्डच्या मालावर उपाय दोन. एक, तो घरी मोकळ्या, अंधाऱ्या जागी दोन-तीन आठवडे ठेवला तर साखर काही प्रमाणात उतरते, पूर्ण नाही. दोन, तुकडे ७०-७५ अंशांच्या गरम पाण्यात दहा मिनिटं ठेवले तर वरच्या थरातली साखर पाण्यात उतरते. गार पाण्यात ती एवढी सुटत नाही. पाण्याला उकळी फुटण्याच्या बऱ्याच आधी, तळाला बारीक बुडबुडे दिसू लागले की गॅस बंद करून तुकडे टाकायचे. मोठी कारखानदारीही तुकडे आधी गरम पाण्यातूनच काढते.

आडत_गल्ली यांनी इंदूर आणि आग्रा वेगळे काढले ते शास्त्राला धरून आहे. साखर शेतातल्या थंडीनंही वाढते. इंदूरच्या माळव्यातल्या रात्री उत्तरेतल्या इतक्या गारठत नाहीत, त्यामुळं तिथल्या मालात साखर कमी आणि घनपदार्थ, म्हणजे पाणी सोडून उरणारा भाग, जास्त भरतो.

गोदाकाठ, नांदेड

सर, फार छान समजावलंत. घनपदार्थावरून आठवलं, घरच्या घरी तपासायची एक सोपी रीत आहे. एक वाटी मीठ अकरा वाट्या पाण्यात विरघळवा आणि त्यात आख्खा आलू सोडा. पिठूळ आलू जड, तो तळाशी जातो. पाणचट, चिकट गराचा वर तरंगतो. बुडालेले तळायला, तरंगलेले भाजीला. एकाच पोत्यातले आलूही वेगवेगळे वागतात. मधुरासाठी म्हणून सांगते, हेच मीठपाणी बाटलीत भरून पुन्हा वापरता येतं.

पुखराजमध्ये घनपदार्थ साधारण १६ टक्क्यांच्या आसपास असतो आणि चिपसोनात २१ च्या वर. फ्राइजला किमान २० हवा असं धरतात. पाच टक्के ऐकायला थोडे वाटतात, पण जितका घनपदार्थ कमी तितकं जास्त पाणी कढईत उडून जावं लागतं आणि त्याची जागा तेल घेतं.

मांजराकाठ, कळंब

राम राम मंडळी. मी आलू पिकवणारा माणूस, म्हणून लिहावं वाटलं.

आपल्याकडं आलू होत नाही असं लई जणांना वाटतं. होतो. सोयाबीन निघालं की ऑक्टोबरच्या शेवटाला, नोव्हेंबरात लागवड करायची. आलू पोसायला रात्रीचं तापमान विसाच्या खाली लागतं, ते आपल्याकडं नोव्हेंबर ते जानेवारी मिळतं. माळव्याचं जे सर सांगतेत ते आपल्याला पण लागू होतं बगा. रात्री लई गारठत नाहीत म्हणून आपला आलू तळायला चांगला निघतो.

अडचण जमिनीची. भारी काळ्या रानात पाणी साचतं, काढताना ढेकळासकट येतो, अर्धे आलू कुदळीला लागतेत. म्हणून मी हलकं, निचऱ्याचं रान धरतो, सरी-वरंबा आणि ठिबक. चिपसोना शंभर-एकशे दहा दिवस घेतो. पुखराज लवकर येतो अन् उताराही जास्त देतो, म्हणून शेतकरी तिकडं वळतो. कुणाला दोष द्यायचा?

काढणीच्या आधी दहा-पंधरा दिवस पाणी तोडायचं, वरचा पाला कापायचा. मग साल पक्की होते. पाणी चालू ठेवून काढला तर वजन भरतं, पण असा आलू तळायलाही नाही अन् टिकायलाही नाही. मातीची भर नीट लावली नाही तर उघडा पडलेला आलू हिरवा होतो. हिरवा भाग विषारी, कडू लागतो, शिजवून जात नाही. असा आलू दिसला तर खोल कापून टाका, जास्त हिरवा असेल तर सगळाच फेका. लेकरांच्या ताटात तर अजिबात नको.

मला एकच गोष्ट खुपते. मोंढ्यात चिपसोना अन् पुखराज एकाच ढिगात, एकाच भावात जातेत. गिऱ्हाईकानं 'तळायचा आलू' म्हणून वेगळा मागितला तर आडत्या वेगळा लावील, अन् आम्ही वेगळा पिकवू. शिमल्याच्या केंद्रीय बटाटा संशोधन संस्थेनं चिपसोना १९९८ मध्ये आणला. फ्राइजसाठी लांब आकाराचा फ्रायसोना पण त्यांनीच काढला. बियाणं आहे, रान आहे, मागणी पाहिजे.

आडत_गल्ली, परभणी

दादा, शंभर टक्के खरं. तुमचा माल वेगळ्या पोत्यात, 'चिपसोना, तळायचा' असं लिहून आणा. आडतीवर वेगळा लावला तर वेफर्स करणाऱ्या बायका आणि नाश्त्याचे गाडेवाले आधी तोच उचलतील. उन्हाळ्याच्या तोंडावर वाळवणाच्या दिवसांत तर नक्कीच.

शुभदा_सेलूकर

सध्या पुण्यात असते, पण माहेर सेलूचं, त्यामुळं धाग्यावर आले.

तेलाचं कुणीच लिहिलं नाही! आमच्या लहानपणी घरात करडईचं तेल असायचं. घाण्याचं ताजं करडई तेल कच्चं चटणीवर घ्यावं, वरण-भातावर घ्यावं, पण तळणाला ते लवकर धुरावतं. तळायला रिफाइंड करडई किंवा शेंगदाणा तेल घ्या. मला शेंगदाण्याचं आवडतं, फ्राइजला वास चांगला येतो.

एकादशीला आमच्याकडं मुलं उपवास धरतात ते याच पदार्थासाठी. शेंगदाणा तेलात तळायचे, शेंदे मीठ आणि जिऱ्याची पूड लावायची. बाजारातल्या गोठवलेल्या पाकिटावर घटक वाचा, काहींना वरून पिठाचा पातळ थर असतो, ते उपवासाला चालणार नाहीत. घरी जास्त कुरकुरीत हवे असतील तर पहिल्या तळणानंतर भगरीचं किंवा शिंगाड्याचं पीठ अगदी हलकं भुरभुरून झटकून टाका. आषाढी एकादशीला बाजारात कोल्डचाच माल असतो, तेव्हा सरांनी सांगितलेलं गरम पाणी विसरू नका.

बाकीच्या दिवशी वरून काय? काळ्या तिखटाची चिमूट आणि बारीक कुटलेली जवसाची चटणी. एकदा लावून बघा, टोमॅटो सॉसची आठवण येणार नाही.

कढई_कायम, जालना

चर्चा उत्तम, पण मी थोडं विरुद्ध बोलणार आहे. सगळ्यांना इंदूरचा चिपसोना मिळत नाही. खेड्यातल्या आठवडी बाजारात एकच ढीग असतो, तो आहे तसा घ्यावा लागतो, आणि तो बहुतेक पुखराजच असतो. मग त्या घरात फ्राइज होऊच नयेत का?

होतात. रीत बदलायची. तुकडे कोरडे करून कढईत घाला, त्यावर गार तेल ओता, मग गॅस लावा. तेल हळूहळू तापतं तसे तुकडे आतून शिजत जातात. पहिली दहा-पंधरा मिनिटं हलवायचं नाही, तेव्हा ते फार नाजूक असतात. कडा घट्ट झाल्या की झाऱ्यानं अलगद फिरवायचे आणि सोनेरी झाले की काढायचे. एकदाच तळण, गॅसही कमी. पाणचट, चिकट गराच्या आलूला ही पद्धत दोनदा तळण्यापेक्षा चांगली लागू पडते. पिठूळ आलू यात कडक होतो, म्हणून चिपसोनाला ही वापरू नका.

गोदाकाठ, नांदेड

कढई_कायम, तुमचा मुद्दा मोलाचा आहे. मी लगेच करून बघितले. पुखराजचे फ्राइज दोनदा तळून झाले होते त्यापेक्षा निश्चित बरे झाले. बराच वेळ ताठ राहिले. चव चिपसोनाची येत नाही, हे माझं मत मी सोडणार नाही. पण ज्या घरात एकच ढीग उपलब्ध आहे त्यांनी हीच रीत धरावी.

मात्र कोल्डचा पुखराज असेल तर गार तेलातही तो तपकिरी पडतोच. साखरेला रीत कळत नाही. तिथं आधी गरम पाणी लागणारच.

स्फटिक, छत्रपती संभाजीनगर

पुढची पायरी हवी असेल त्यांच्यासाठी: लिटरभर पाण्याला एक मोठा चमचा व्हिनेगर घालून त्यात तुकडे आठ-दहा मिनिटं उकळा, मग निथळून, पूर्ण गार करून दोनदा तळा. आम्लामुळं पेक्टिन लवकर विरघळत नाही. तुकडा आतून पूर्ण शिजतो तरी मोडत नाही आणि बाहेर खरखरीत थर येतो. व्हिनेगरची चव तळल्यावर उरत नाही. हे ज्योती आणि चिपसोनावर छान चालतं.

वसतिगृह_१२, हिंगोली

इथं गॅस नाही, मित्राचा एअर फ्रायर आहे. त्यात कोणता आलू?

मधुरा_लातूर

चिपसोनाच. एअर फ्रायरमध्ये पाणी उडायला वेळ लागतो, पाणचट आलू आत चामट होतो. तुकडे आधी उकळून, पुसून, दोन चमचे तेल चोळून १९० अंशांवर ठेव, मधे एकदा हलव. तळलेल्याची सर येणार नाही, पण भुकेच्या वेळी चांगले लागतात.

आणि ताई, माझाही अनुभव लिहिते. आमच्या गोलाईतल्या बाजारात फिरले, 'इंदूरचा, ताजा, चिप्सचा' हे तिन्ही शब्द वापरले. पहिल्या दोघांनी सगळे आलू सारखेच म्हणून सांगितलं. तिसऱ्या मावशींनी काही न बोलता मागच्या पोत्यातून काढून दिला. एकाच पाण्यात भिजवले, पाणी तुळशीला गेलं. इतके हलके, कोरडे फ्राइज आमच्या घरी याआधी झाले नव्हते. सासूबाईंनी उरलेल्या आलूचा किस करून वाळवला, तोही पांढराशुभ्र निघाला.

पहिलं तळण करून फ्रीजरमध्ये ठेवले तर चालतील का? आमच्याकडं लाइट कधी जाईल सांगता येत नाही.

गोदाकाठ, नांदेड

वाचून फार आनंद झाला. त्या मावशींचं दुकान सोडू नकोस.

हो, पहिल्या तळणानंतर पूर्ण गार करून ताटात सुटे सुटे पसरून गोठव, कडक झाले की पिशवीत भर. तळताना बाहेर काढून वितळू द्यायचे नाहीत, थेट गरम तेलात, पण थोडे थोडे. लाइट दोन-चार तास गेली तर फ्रीजर उघडू नकोस, भरलेला फ्रीजर तेवढा तग धरतो. मात्र एकदा पूर्ण वितळून मऊ झाले तर पुन्हा गोठवू नकोस, त्याच दिवशी तळून संपव.

शुभदा_सेलूकर

कुणी रताळ्याचे केलेत का? महाशिवरात्रीच्या सुमारास रताळी स्वस्त असतात.

स्फटिक, छत्रपती संभाजीनगर

रताळ्यात मुळातच साखर जास्त, त्यामुळं आलूसारखे कुरकुरीत होत नाहीत आणि रंग झपाट्यानं येतो. पातळ कापा, शिंगाड्याच्या पिठाचा हलका थर द्या, आच मध्यम ठेवा आणि फिकट असतानाच काढा. चव वेगळी आणि चांगली आहे, फक्त आलूच्या फ्राइजशी तुलना करू नये.

मांजराकाठ, कळंब

एक विचारायचं राहिलं. मार्चमध्ये घरापुरतं एक पोतं चिपसोना ठेवला तर मे-जूनपर्यंत कसा टिकवावा? आपल्याकडं उन्हाळ्यात बेचाळीसच्या वर जातं.

आडत_गल्ली, परभणी

दादा, पोत्यात अजिबात ठेवू नका. उष्ण आणि कोंदट जागी आलूला हवा मिळत नाही, मग वरून चांगला दिसतो आणि कापल्यावर आत काळा निघतो. मातीच्या जाड भिंतींचं जुनं माळवद असेल तर त्याच्या आतल्या खोलीत, अंधारात, जमिनीवर एका थरात पसरा. खाली कोरडी वाळू घाला. कांद्यापासून लांब ठेवा. आठवड्याला एकदा हात फिरवून मऊ पडलेला आणि कोंब आलेला आधी बाजूला काढा, एक सडला की शेजारचे नासतात. धुऊन ठेवू नका, माती असू द्या.

एवढं करून एप्रिलअखेरपर्यंत तळण्याजोगा राहील. मेच्या उन्हात तो सुरकुततो, कोंब धरतो. म्हणून आख्खं पोतं ठेवण्यापेक्षा पंधरा-वीस किलो पसरा आणि उरलेल्याचे एप्रिलमध्येच वेफर्स आणि किस करून टाका. आणि पुढच्या हंगामात तुमचा माल निघायच्या आधी मला इथंच निरोप ठेवा. वेगळ्या पोत्यांची सोय मी करून ठेवतो.